पिरोजा आणि शिंपल्याच्या प्वेब्लो माळा : पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर एक प्लॅस्टिकचा डबा दाखवला, खणाखणांचा, प्रत्येक खणात रंगीत चकत्यांसारखे मणी आणि झाकणावर लिहिलेलं 'हीशी बीड्स'. मावशी, हीशी हा ब्रँड आहे का गं? मी म्हटलं अगं ब्रँड कसला, तो माझ्या घरापासून पाऊण तासावर असलेल्या गावच्या भाषेतला शब्द आहे. केरेस भाषेत हीशी म्हणजे शिंपला. तिच्या डब्यातले मणी पॉलिमर क्लेचे होते, त्यात शिंपल्याचा कणही नव्हता, पण आकार मात्र तोच, पातळ चकती आणि मधोमध भोक. तो आकार अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातली प्वेब्लो माणसं, म्हणजे इथले मूळनिवासी, हजार वर्षांहून जास्त काळ शिंपल्यातून आणि पिरोजातून हातानं घासून काढत आलीयेत.

मी याच राज्यातल्या अल्बुकर्की शहरात राहते. घरी भारतातून पाहुणे आले की सँटा फेची चक्कर ठरलेली, आणि चौकात पोचल्यावर प्रश्नही ठरलेला, इथलं म्हणून काय नेऊ? मी सांगते माळ न्या, शिंपल्याची किंवा पिरोजाची, पण आधी थोडं समजून घ्या. कारण मी स्वतः इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात हायवेवरच्या एका दुकानातून निळाशार हार घेतला होता, दुकानदारानं अस्सल सांगितलेला, आणि वर्षभरात एक मणी फुटला तर आत सरसकट एकसारखा निळा प्लॅस्टिकचा पदार्थ. पैशापेक्षा जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं की तेवढ्या पैशात मला एखाद्या खऱ्या कारागिराच्या हातची छोटी का होईना पण शिंपल्याची माळ मिळाली असती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

स्टेप १ : आधी कोण कुठलं ते समजून घ्या

सगळ्यात मोठा गोंधळ हा की लोक सगळ्याच दागिन्यांना 'नावाहो' म्हणतात. नावाहो ही इथलीच पण वेगळी मूळनिवासी जमात, दागिन्यांत त्यांची खरी ओळख चांदीकाम. प्वेब्लो म्हणजे वेगळी गावं, न्यू मेक्सिकोत एकूण १९, प्रत्येकाचं स्वतःचं शासन, स्वतःच्या चालीरीती, आणि भाषासुद्धा एक नाही. प्वेब्लो हा शब्द स्पॅनिश, अर्थ साधा, गाव. ॲरिझोनातले होपीही प्वेब्लोच.

मण्यांच्या माळांसाठी नाव घ्यायचं ते केवा गावाचं. नकाशांवर आणि जुन्या लेबलांवर ते सँटो डोमिंगो प्वेब्लो म्हणून सापडेल, २००९ साली गावानं आपलं केवा हे नाव अधिकृतपणे परत घेतलं पण दोन्ही नावं अजून चालतात. रिओ ग्रांदे नदीच्या काठी, अल्बुकर्की आणि सँटा फेच्या मधे. इथली कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या मणीकाम करतात. झुनी हे दुसरं मोठं नाव, पण त्यांची खासियत दगडाची नक्षी, बारीक जडाव आणि प्राण्यांच्या छोट्या कोरीव आकृत्या ओवलेले हार. हा फरक डोक्यात ठेवलात तरी निम्मं काम झालं, कारण मग दुकानात 'झुनी हीशी' किंवा 'नावाहो हीशी' असं ऐकलंत की निदान पुढचा प्रश्न तरी विचाराल, नक्की कुणी बनवलंय?

स्टेप २ : माल ओळखा

पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट, त्यात पाणी. कोरड्या प्रदेशात तांब्याच्या साठ्यांवरून पाणी झिरपत झिरपत खडकाच्या फटींत तो तयार होतो. तांब्यामुळे निळा, लोखंड मिसळलं की हिरवटपणाकडे झुकतो. म्हणून हिरवा पिरोजा म्हणजे हलका असं अजिबात नाही, मला स्वतःला सेरियोसचा हिरवट, तपकिरी रेघांचा दगड सगळ्यात आवडतो. सेरियोस ही सँटा फेच्या दक्षिणेची टेकड्यांची रांग, तिथल्या माउंट चालचिवितलवर युरोपियन लोक यायच्या कितीतरी आधी दगडी हातोड्यांनी खोदलेली प्रचंड खाण आहे. आजच्या माळांमधला दगड बहुतेक दुसरीकडून येतो, ॲरिझोनातल्या किंगमनमधून, नेवाडामधून, चीनमधूनही. ॲरिझोनातल्याच स्लीपिंग ब्यूटी खाणीचा एकसारखा आकाशी दगड फार प्रसिद्ध, पण तिथलं पिरोजाचं काम २०१२ मध्ये थांबलं, त्यामुळे त्या नावानं आज ढिगानं स्वस्त माळा दिसल्या तर सावध व्हा.

आता चार शब्द पाठच करा, कारण सगळी किंमत यांच्यावर ठरते. नॅचरल म्हणजे दगड जसा निघाला तसा कापून घासलेला. स्टॅबिलाइझ्ड म्हणजे मऊ, सच्छिद्र दगडात दाबाखाली राळेसारखं रेझिन भरून घट्ट केलेला, दगड खराच असतो, आणि रोज वापरायला हा बराही पडतो, यात फसवणूक नाही फक्त तसं सांगायला हवं. रंगवलेला म्हणजे हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट नावाच्या पांढऱ्या दगडाला निळा रंग दिलेला. आणि ब्लॉक म्हणजे निव्वळ रंगवलेलं रेझिन, पिरोजाचा पत्ताच नाही. माझा पहिला हार हाच.

शिंपल्यांचं जग मला दगडापेक्षा जास्त ओढ लावतं. विचार करा, ही गावं वाळवंटी पठारावर, समुद्र शेकडो मैलांवर, आणि तरी दागिन्यांचा जीव शिंपला. जुन्या काळी कॅलिफोर्नियाच्या आखातातून हातोहात व्यापार होत होत माल वर यायचा. सगळ्यात जुने मणी ऑलिव्हेला नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या निमुळत्या शंखाचे, टोक घासून उडवलं की दोरा आरपार जातो, झाला मणी. आज मुख्य मान स्पायनी ऑयस्टरचा, बाहेरून काटेरी शिंपला आणि रंग नारिंगी, लाल, जांभळा. शिवाय मोत्याची चमक असलेला मदर ऑफ पर्ल, पांढरा क्लॅम, गडद तपकिरी पेन शेल. काळ्या रंगासाठी जेट, तो शिंपला नाही, दगडी कोळशाचाच भाऊबंद. आणि पोवळं पण दिसेल, ते मात्र व्यापारातून भूमध्य समुद्राकडून आलेलं.

किती जुनं आहे हे सगळं ते बघायचं तर न्यू मेक्सिकोतलीच चाको कॅन्यन ही दरी. साधारण इसवी सन ८५० ते ११५० या काळात तिथे दगडी बांधणीच्या प्रचंड वास्तू उभ्या राहिल्या, आणि प्वेब्लो बोनितो नावाच्या वास्तूतली एक छोटी खोली १८९६ मध्ये उकरली गेली तेव्हा तिथे पुरलेल्या एकाच माणसाबरोबर दहा हजारांहून जास्त पिरोजाचे मणी आणि पदकं निघाली, शिवाय हजारो शिंपल्याचे मणी. प्वेब्लो लोकांसाठी ती पूर्वजांची जागा आहे, पर्यटनस्थळ नंतर. त्या बाजूला फिरताना मुंग्यांच्या वारुळावर कधीकधी निळा कण चमकताना दिसतो, मुंग्यांनी जमिनीतून वर आणलेला मण्याचा तुकडा असतो तो. बघा आणि तिथेच राहू द्या. उचलणं हा गुन्हा आहे.

स्टेप ३ : मणी कसा बनतो हे एकदा नीट वाचा, घाई करू नका

ही स्टेप लोक सोडून देतात आणि मग म्हणतात एवढ्याशा माळेला एवढे पैसे? म्हणून मी इथे रेंगाळणार.

आधी शिंपल्याच्या पट्ट्या कापायच्या. पट्टीचे पकडीनं छोटे छोटे चौकोनी तुकडे पाडायचे, नखापेक्षाही लहान. मग प्रत्येक तुकड्याला मधोमध वेज पाडायचं, एकेका तुकड्याला, शेकड्यांनी. पूर्वी हे काम पंप ड्रिलवर चालायचं, एक उभा दांडा, त्याला जड चकती, आडवी काठी आणि दोरी, काठी खालीवर केली की दांडा गरगर फिरतो. आपल्याकडच्या सुतारांच्या जुन्या सामत्याची आठवण येते, फक्त तो कमानीनं फिरवतात. आज बहुतेक कारागीर विजेचं छोटं ड्रिल वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही, तुकडा बोटांच्या चिमटीत धरून भोक मधोमध आणायचं कसब हातालाच लागतं.

मग हे सगळे ओबडधोबड चौकोन एका बारीक तारेवर घट्ट ओवायचे आणि तारेसकट अख्खा सर घासायचा. जुन्या काळी वालुकाश्माच्या दगडावर, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसं पण लांबच्या लांब सर मागेपुढे लोळवत, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं त्या दगडांना खाचा पडलेल्या असतात. आता फिरत्या चाकावर, सर हातानं ताणून धरायचा आणि अर्धगोलात हलवत राहायचं म्हणजे चौकोनाचे कोपरे सगळीकडून सारखे झिजतात. इथेच मणी फुटतात, कच्चा दगड असेल तर तुकडे उडतात. सुरुवातीला जेवढा पिरोजा हातात घेतला त्यातला अर्ध्याहून जास्त घासण्यात आणि फुटण्यात जातो. चाकानंतर बारीक, त्याहून बारीक पॉलिश पेपर, मग धुणं, वाळवणं, शेवटी चामड्यावर चकाकी. चांगल्या कारागिराचा सर दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो, आणि गळ्यापुरत्या एका पदराला असे शेकडो मणी.

दुसरा प्रकार मोझॅइकचा. अख्ख्या शिंपल्यावर पिरोजा, जेट, नारिंगी शिंपला यांचे कापलेले तुकडे शेजारी शेजारी चिकटवतात, पूर्वी पिन्योन झाडाचा डिंक असायचा, आता इपॉक्सी नावाचा कृत्रिम गोंद. १९३० च्या मंदीत केवातल्या लोकांकडे चांगला माल घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी मोटारीच्या जुन्या बॅटरीची काळी कवचं, फुटक्या ग्रामोफोन रेकॉर्ड, लाल प्लॅस्टिक कापून तीच नक्षी केली, थंडरबर्ड पक्ष्याच्या आकाराची पदकं, आणि रेल्वेनं, मोटारीनं येणाऱ्या प्रवाशांना विकली. म्युझियममध्ये मी पहिल्यांदा तो हार बघितला तेव्हा काचेसमोरून हलवेना. जेटची जागा बॅटरीच्या कवचानं घेतलेली पण कापलेली कड तितकीच सरळ, तुकड्यांमधली फट तितकीच बारीक. आज संग्राहक तेच हार शोधत फिरतात. पुढे १९७० च्या दशकात केवाच्याच अँजी रिआनो ओवेन यांनी जुने, उत्खननातले नमुने बघून शिंपल्यावरचं मोझॅइक पुन्हा नव्यानं उभं केलं, त्यांच्या बांगड्या कुठे बघायला मिळाल्या तर सोडू नका.

आणखी एक शब्द कानावर पडेल, जाक्ला. मूळ नावाहो शब्द, कानातला दोर अशा अर्थाचा. पिरोजाच्या मण्यांचे दोन छोटे वळसे, तळाशी नारिंगी किंवा पांढऱ्या शिंपल्याचे चपटे तुकडे, त्यांना मक्याचे दाणे म्हणतात. पूर्वी कानात घालायचे, नंतर माळेच्या खाली लटकवायला लागले.

स्टेप ४ : विकत घ्यायला कुठे जायचं

आधी म्युझियम, मग खरेदी, हा क्रम उलटा करू नका. अल्बुकर्कीत इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटर आहे, १९ प्वेब्लोंच्या मालकीचं, तिथे म्युझियमही आणि दुकानही. सँटा फेत म्युझियम ऑफ इंडियन आर्ट्स अँड कल्चर. तासभर नुसते चांगले नमुने बघितलेत की डोळा आपोआप तयार होतो.

मग सँटा फेचा चौक. पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स ही १६१० च्या सुमाराची मातीची लांबलचक इमारत, आता म्युझियम, तिच्या ओसरीत भिंतीला टेकून कारागीर कापड पसरून ओळीनं बसलेले असतात. ही जागा कुणीही येऊन बसावं अशी नाही. हा म्युझियमचा कार्यक्रम आहे, रोज सकाळी चिठ्ठ्या काढून जागा मिळते, माल स्वतः किंवा घरच्यांनी बनवलेला पाहिजे, त्यावर कारागिराची खूण पाहिजे. नवख्या माणसासाठी याहून भरवशाची जागा मला माहीत नाही. ऑगस्टमध्ये आलात तर इंडियन मार्केट असतं, १९२२ पासून चालत आलेलं, अख्खा चौक भरून जातो.

केवा गावातच जायचं असेल तर ४ ऑगस्टला त्यांचा सण असतो, कॉर्न डान्स होतो, बाहेरच्यांना बघता येतं. पण फोटो नाही, व्हिडिओ नाही, चित्र काढणं नाही, मोबाइल गाडीतच ठेवा. नाच हा कार्यक्रम नाही, प्रार्थना आहे, टाळ्या वाजवू नका. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर जसे उभे राहतो तसे उभे राहा, बस.

कायद्याचं पण सांगते. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टनुसार मूळनिवासी नसलेल्या कुणी बनवलेली वस्तू 'इंडियन मेड' म्हणून विकणं गुन्हा आहे, एकट्या माणसाला पहिल्याच गुन्ह्यात अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून हुशार दुकानदार पाटीवर 'नेटिव्ह स्टाइल', 'साउथवेस्ट स्टाइल' लिहितात. स्टाइल शब्द दिसला की समजायचं. आपल्या लोकांचा आणखी एक घोळ होतो, 'इंडियन ज्वेलरी' वाचून वाटतं जयपूरची, माझ्या सासूबाई तर तिथूनच परत फिरत होत्या. इथे त्या शब्दाचा अर्थ इथली मूळ माणसं.

स्टेप ५ : बोलायचं कसं, विचारायचं काय

समोर कारागीर बसलेला असेल तर आधी नमस्कार, मग हात लावू का विचारा. मग हे प्रश्न : तुम्हीच बनवलंय का, कुठल्या प्वेब्लोचे तुम्ही, दगड नॅचरल की स्टॅबिलाइझ्ड, कुठल्या खाणीचा, शिंपला कुठला, मणी हातानं घासलेत की तयार आणून ओवलेत. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो पण विचारा, कारण तयार मणी आणून नुसती माळ ओवणारेही आहेत आणि प्रामाणिक माणूस सरळ सांगतो, किंमतही तशीच लावतो. दुकानातून घेत असाल तर ही सगळी उत्तरं पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर माळ खाली ठेवा.

घासाघीस करू नका, हे माझं अगदी मनापासूनचं मत. वर वाचलंत ना किती काम आहे. बजेट कमी असेल तर बारीक पिरोजाऐवजी साध्या क्लॅमची किंवा ऑलिव्हेलाची माळ घ्या, हातकाम तेवढंच सुंदर असतं.

आणि धर्म, विधी, अमुक रंगाचा अर्थ काय, हे खोदून विचारू नका. जे सांगायचं ते ते आपणहून सांगतात, बाकीचं त्यांच्या घरातलं आहे.

स्टेप ६ : तळहातावर परीक्षा

ओसरीत एका आजींनी मला हे शिकवलं, एक शब्द न बोलता. माझा हात उलटा करून तळवा सपाट केला, माळ त्यावर ठेवली आणि एक टोक धरून सावकाश ओढली. तळव्यावरून पाण्याचा ओघळ गेल्यासारखं वाटलं, कुठेच खरखर नाही, कुठेच अडकणं नाही. मग शेजारची दुसरी माळ तशीच ओढली, त्यात बारीक टोचल्यासारखं झालं, कडा उडालेले दोन-तीन मणी होते. त्यांनी बोटानं ते दाखवले आणि माळ बाजूला ठेवून दिली.

तुम्हीही हेच करा. मग माळ उजेडासमोर आडवी धरा, मण्यांमधे फटी दिसतात का? वेज वाकडं असेल तर मणी तिरका बसतो. लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जाणारी माळ असेल तर ती चढण कुठे अचानक उडी मारते का बघा.

दहापट मोठं दाखवणारी छोटी लूप ऑनलाइन सहज मिळते, ती खिशात ठेवा आणि सरळ मण्याच्या वेजात बघा. रंगवलेला हाउलाइट बाहेरून कितीही निळा असला तरी भोकाच्या आत बहुतेक वेळा पांढरा उघडा पडतो, आणि बारीक चिरांमधे रंग साचून गडद झालेला असतो. ब्लॉकमधे रेघांची जाळी सगळ्या मण्यांवर जवळजवळ तशीच, छापल्यासारखी. खऱ्या दगडात दोन मणी सारखे नसतात. शिंपला गालाला लावला तर गार लागतो, प्लॅस्टिक पटकन कोमट होतं, आणि शिंपल्याच्या कडेला बारीक थर दिसतात, स्पायनी ऑयस्टरमधे तर एकाच मण्यात नारिंगी आणि पांढरा पट्टा. तापवलेली सुई, ॲसिटोनचा बोळा वगैरे व्हिडिओतले प्रयोग दुसऱ्याच्या मालावर करायचे नाहीत म्हणजे नाहीत.

स्टेप ७ : स्वतः बनवून बघायचं असेल तर

भाचीनं लगेच विचारलं, मी करू का? कर की, पण शिंपल्याची आणि पिरोजाची धूळ फुप्फुसाला फार वाईट, म्हणून कापणं घासणं सगळं पाण्यात ओलं ठेवून, चांगला मास्क आणि चष्मा लावून, आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. पहिल्यांदा मऊ शिंपल्याचे वीस तुकडे घे, त्यातले भोक पाडून किती शाबूत राहतात मोज. विकणार असशील तर प्वेब्लो हे नाव त्याला लावायचं नाही.

स्टेप ८ : घरी आणल्यावर

पिरोजा सच्छिद्र असतो, तेल, घाम, अत्तर, साबण सगळं पितो आणि हळूहळू हिरवट पडतो. आपल्याकडे केसाला खोबरेल तेल लावलेलं असतं आणि माळ नेमकी मानेवर, त्यामुळे न्हाण्याच्या दिवशी केस सुकल्यावरच घाला. आधी अत्तर, पावडर, मग माळ, आणि उतरवताना सगळ्यात आधी माळ. शिंपल्याला आंबट चालत नाही, लिंबू, व्हिनेगर लागलं तर चकाकी जाते, म्हणून काम करताना काढून ठेवा. चांदी उजळायच्या द्रावणात कधी बुडवू नका, अल्ट्रासॉनिक मशीनमधे पण नाही, नुसतं मऊ कोरडं फडकं. खुंटीला टांगू नका, दोरा ताणतो, सुती कापडात सपाट ठेवा आणि इतर दागिन्यांपासून वेगळी.

काही वर्षांनी दोरा झिजेलच. पटवेकऱ्याकडे नेलीत तर आधी माळेचा फोटो काढा, मण्यांचा क्रम बदलू देऊ नका आणि मागे मानेपाशी सुती दोऱ्याची जाड गुंडाळी असेल तर ती कापून सोन्याचा हुक लावून देतो म्हणाला तरी नको म्हणा, पारंपरिक माळेचा शेवट तसाच असतो.

आणि घेतल्या दिवशीच एक चिठ्ठी लिहा. कुणी बनवली, कुठलं गाव, कुठला दगड, कुठला शिंपला, तारीख. माझ्या डबीतल्या चिठ्ठीवर केवा, पेन शेल आणि मार्चमधली एक तारीख आहे, आणि खाली त्या आजींनी स्वतःच्या हातानं घातलेली सही.